रपट्यावरून परत

“हे पाहा, हे पाहा! आता टेकते... आता टेकते... अन् हे गेलं वर! गेलं ना बाप्पा वर!”

साखरखेर्ड्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात महादेवरावांनी मोबाइल आरतीच्या ताटासारखा सगळ्यांपुढून फिरवला. सकाळपासूनची ही चौथी वेळ. मोबाइलात विमानाची खिडकी, खिडकीत झपाझप जवळ येणारी जमीन, मग ती जमीन एकदम खाली, आणि मागून कोणाचा तरी “आई गं!” असा हंबरडा. हंबरडा खुद्द महादेवरावांचाच होता, हे साऱ्या हॉटेलानं ओळखलं होतं. पण महादेवरावांचं कृषी केंद्र गावात सगळ्यात मोठं, पेरणी महिन्यावर आलेली, तेव्हा तोंडावर बोलतो कोण?

“अन् चालवून कोण राह्यलं व्हतं, हे विचारा ना मले!” महादेवराव तापले होते. “बियाण्याच्या कंपनीनं आमाले दिल्ली दाखवाले नेलं. वापसीत विमानात बसलो, तं माइकवर नाव आलं, फर्स्ट ऑफिसर मनाली अवसरमोल. म्या बाजूच्या दिल्लीवाल्याले छाती ठोकून सांगतलं, ‘हमारे गाँव की लडकी है!’ अन् नागपूर आल्यावर हे असं! त्याच दिल्लीवाल्याचा हात म्या असा धरला, असा धरला, का त्याले दोन्ही हातानं सोडवा लागला.”

हॉटेल खो-खो हसलं. कोपऱ्यातल्या बाकावर बशीत चहा ओतत बसलेल्या माणसाचा हात मात्र तिथेच थांबला. ते मनालीचे वडील, माणिकराव अवसरमोल.

महादेवरावांनी त्यांना पाहिलंच होतं. किंबहुना त्यांच्यासाठीच आवाज चढला होता. “काय बे माणिक, खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. बापानं रपट्यावरून जीप वापस आणली, पोरीनं नागपुरावरून विमान वापस नेलं. तुमच्या घराण्याले उतरताच येत नाही का?”

“पोरीनं काही पाहूनच केलं असन,” माणिकराव बशीकडे बघत म्हणाले.

“पाहून? अरे, जमीन आंधळ्यालेबी दिसत व्हती! रविवारी प्रसेनजित सरानं शाळेच्या हॉलमधी तिचं भाषण ठेवलं ना? मी येतो. साऱ्यादेखत विचारतो. तिनं मले पटवून देलं तं ठीक. नाही तं आमच्या वैष्णवीचं पायलटचं खूळ त्याच दिवशी बंद. फार्मसीले टाकतो तिले!”

माणिकरावांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि ते उठले. वैष्णवी महादेवरावांची एकुलती एक पोरगी, नुकतीच बारावी झालेली. मनालीचं पेपरातलं छायाचित्र तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. पायलटच्या वैद्यकीय तपासणीसाठी सोमवारी संभाजीनगरला जायचं तिचं ठरलं होतं, आणि आता ते एका प्रश्नाच्या उत्तरावर येऊन अडकलं होतं.

पण माणिकरावांच्या काळजाला जे लागलं ते वैष्णवीचं नव्हतं. त्यांना लागला तो रपटा.

माणिकराव आता बासष्टचे. त्यातली अठ्ठावीस वर्षं त्यांनी साखरखेर्डा ते चिखली काळी-पिवळी जीप चालवली. जीपवाल्यांमध्ये हा माणूस म्हणजे एक नमुनाच होता. नंबर लागला, सवारी भरली, लोक “चला ना भाऊ” म्हणून ओरडायला लागले, तरी हे आपले व्हील-पाना हातात घेऊन जीपभोवती एक फेरी मारणार. प्रत्येक चाकावर पाना ठोकायचा, कान वाकडा करून आवाज ऐकायचा, नटांवर एकेक टिचकी द्यायची, मगच स्टेअरिंगवर बसायचं. चहा प्यायला दहा मिनिटं थांबले असले तरी पुन्हा तीच फेरी. स्टँडवरची टवाळ मंडळी म्हणायची, “हा बुवा देवळात पाय ठेवत नाही, पण जीपले प्रदक्षिणा घातल्याशिवाय याले घास गोड लागत नाही!” मग नावच पडलं, ‘प्रदक्षिणा’. कोणी चिखलीहून फोन करून विचारायचं, “आता कोणाचा नंबर हाये?” तर उत्तर यायचं, “प्रदक्षिणाचा. अर्धा घंटा धरून चाला!”

दुसरी खोड म्हणजे अकराच माणसं. बाकीचे अठरा-वीस कोंबायचे, दोघं मागे लटकायचे. माणिकराव बारावा माणूस घ्यायचे नाहीत. “बारावा बसला का जीप मले बोलते,” म्हणायचे. “काय म्हणते बे?” “म्हणते, माणिक, थांब.” लोक पोट धरून हसायचे.

आणि रपट्याचं ते प्रकरण. अठरा वर्षं होत आली त्याला. श्रावणातला दिवस, वर कुठे तरी ढगफुटी झालेली, आणि चिखलीच्या वाटेवरच्या नदीच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या फरशीपुलावरून, गढूळ पाणी धावत होतं. तेव्हा तिथे उंच पूल नव्हता. रपट्याच्या कडेला चुना मारलेले सात दगड होते. माणिकरावांनी जीप थांबवली, खाली उतरून दगड मोजले. दोन दगडांची नुसती टाळकी दिसत होती, बाकीचे पाच पाण्याखाली. ते वळले आणि म्हणाले, “वापस.”

जीपमध्ये काय गदारोळ! सगळ्यात जास्त ओरडले महादेवराव. तेव्हा ते लग्न होऊन वर्ष झालेले, काडीसारखे बारीक, अंगात उसना कोट. बुलढाण्याला बँकेत कारकुनाच्या नोकरीची मुलाखत होती त्यांची. हातापाया पडून झालं, शिव्या देऊन झाल्या. तेवढ्यात मागून गोविंदाची जीप आली. वीस माणसं आत, आणि मागच्या दारावर ठळक अक्षरांत ‘अति घाई, संकटात नेई’! महादेवराव तिकडे धावले, पण पाय ठेवायलाही जागा नव्हती. गोविंदानं पाण्यात जीप घातली आणि बघता बघता पलीकडे काढली. पलीकडून लोकांनी शिट्ट्या मारल्या.

गोविंदा त्या दिवशी हिरो झाला. चिखलीच्या स्टँडवर त्याच्या गळ्यात हार पडला. आणि माणिकराव अकरा माणसांचे शिव्याशाप ऐकत गावात परत आले. महादेवरावांची नोकरी हुकली ती हुकलीच.

तेव्हापासून एक काटा माणिकरावांच्या मनात रुतून बसला होता. गोविंदा गेला ना? त्याची जीप काही वाहून गेली नाही. मग आपण जे केलं ते शहाणपण होतं, की आपण नुसतेच भ्यालो? हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नव्हता, पत्नी जनकाबाईंनाही नाही. आणि आता लेकीच्या कपाळीही तोच शिक्का!

घरी आले तर जनकाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. नवऱ्याचं तोंड पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं. “काऊन हो, काय झालं?”

“काही नाही. महादेवराव व्हिडिओ दाखवून राह्यला.”

“कालपासून साऱ्या गावाले दाखवून राह्यला तो. येऊ द्या पोरीले. तिले तोंड हाये.”

मनाली शनिवारी दुपारी आली. तीस वर्षांची, बारीक अंगाची, घरात शिरताच आईच्या हातची शिळी भाकर आणि ठेचा मागणारी. तिला पाहिलं की माणिकरावांना अजून खरं वाटायचं नाही की ही पोरगी एवढं मोठं धूड आभाळात घेऊन जाते. काळी-पिवळीचे दिवस सरले, परवाना संपला, तेव्हा त्यांनी जीप भंगारात दिली होती. अंगणातल्या कडुनिंबाखाली ती उभी असायची तिथे इंजिनाच्या तेलाचा काळा डाग अजून होता. घरात फक्त पाना उरला होता.

“बाबा, पाना कुठी हाये?” भाकर खाता खाता तिनं विचारलं.

“खिळ्याले. कायले?”

“उद्या संगं घ्या. काम हाये.”

माणिकरावांच्या ओठांवर प्रश्न आला होता: काऊन फिरवलं वं विमान? पण त्यांनी गिळला. गाडी परत का आणली हे ड्रायव्हरनं ड्रायव्हरला विचारायचं नसतं, असं त्यांना वाटे. त्यांना स्वतःला सगळ्यांनी विचारलं होतं, आणि ते कसं लागतं हे ते जाणून होते.

“व्हिडिओ पाह्यला मी,” मनालीच म्हणाली आणि हसली. “महादेवकाकाचा आवाज लय भारी आला.”

रविवारी हॉल भरून गेला. पोरं खिडक्यांत बसली होती. बायांच्या बाजूला जनकाबाई नव्या लुगड्यात, पुरुषांच्या बाजूला शेवटच्या रांगेत माणिकराव, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पाना. महादेवराव पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून, शेजारी वैष्णवी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. तिसऱ्या रांगेत गोविंदा काठीवर हनुवटी टेकवून बसला होता. पाय दुखतात म्हणून त्यानं फार वर्षांपूर्वीच जीप सोडली होती आणि पानटपरी टाकली होती.

प्रसेनजित सरांनी हार घातला, दोन शब्दांचे दोनशे केले आणि माइक मनालीच्या हाती दिला.

“पायलट व्हायचं तर सगळ्यात आधी काय करायचं?” तिनं विचारलं.

“इंग्रजी शिकायचं!” एक पोरगी म्हणाली.

“वावर विकाचं!” खिडकीतून कोणी तरी ओरडलं आणि हॉल हसला.

“वावर राहू द्या जागेवर. सगळ्यात आधी डॉक्टरकडं जायचं,” मनाली म्हणाली. “डोळे, कान, छाती, सगळं तपासून घ्यायचं. माझ्यासोबतच्या एका मुलाच्या घरच्यांनी सगळं पणाला लावलं, आणि मग कळलं की त्याला रंग ओळखता येत नाहीत. तपासणी आधी, स्वप्न मागून. बारावीला फिजिक्स आणि गणित पाहिजेच. आणि लायसन मिळालं म्हणजे नोकरी मिळाली, असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडं पाठवा. लायसन हातात घेऊन मी दोन वर्षं बसून होते. पुण्यात मुलांना फिजिक्स शिकवत होते. पण रोज पहाटे उठून विमानाची पुस्तकं उघडायची, ती एक दिवस बंद केली नाहीत. बोलावणं आलं तेव्हा परीक्षेला फक्त नऊ दिवस होते. पुस्तकं मिटलेली असती तर मी आज इथं नसते.”

पोरं लिहून घेत होती. मनाली रंगात आली.

“उडायला लागल्यावर तीन गोष्टी. झोप झाली नसेल तर सरळ सांगायचं, आज मी चालवणार नाही. लाज वाटते, पण सांगायचं. दुसरं, यादी. उडण्याआधी काय काय पाहायचं याची यादी आम्ही दर वेळी मोठ्यानं वाचतो. पाठ असली तरी वाचतो. त्रिसरण पाठ आहे म्हणून विहारात कोणी ते मनातल्या मनात उरकतं का? आणि तिसरं सगळ्यात अवघड. चूक झाली तर आपल्या हातानं लिहून द्यायची. चूक झाल्यानं जेवढं बिघडत नाही, तेवढं ती लपवल्यानं बिघडतं. तुम्ही सांगितलेल्या चुकीमुळं कुठं तरी दुसऱ्या कोणाचा जीव वाचतो, आणि तुम्हाला ते कधी कळतसुद्धा नाही.”

गोविंदानं हनुवटी काठीवरून उचलली आणि तो जमिनीकडे पाहू लागला.

“प्रश्न विचारा आता,” सर म्हणाले, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत महादेवराव उभे राहिले.

“मी विचारतो. परवा दिल्लीवरून नागपूरले येताना मी तुह्याच विमानात व्हतो, पोरी. जमीन हातभर राह्यली अन् विमान वापस वर! आमचा जीव गळ्याशी आला. तूच सांग, चालवून कोण राह्यलं व्हतं? अन् उतरवता येत व्हतं तं उतरवलं काऊन नाही?”

माणिकरावांनी पिशवीतला पाना घट्ट धरला. वैष्णवीनं डोळे मिटून घेतले होते.

“विमान माझ्याच हातात होतं, काका,” मनाली शांतपणे म्हणाली. “शेजारी कॅप्टन होते, पण परत वर न्यायचं मीच म्हणाले. सांगते का ते. धावपट्टीवर चाक टेकायची जागा ठरलेली असते. मे महिन्यातलं नागपूर, खालून गरम हवा, त्यात शेपटाकडून वाऱ्याचा एक झोत आला. विमान खाली बसेना, तरंगत पुढं गेलं. टेकायची जागा मागं पडली.”

“पण पुढं पट्टी व्हतीच ना! मले खिडकीतून दिसून राह्यली व्हती.”

“होती. कदाचित पुरलीही असती.”

“हां! मंग?”

“कदाचित, काका. पाठीमागं एकशे ऐंशी माणसं बसलेली असताना कदाचितवर उतरायचं नसतं. पुन्हा एक चक्कर मारली, बारा मिनिटं गेली, दुसऱ्या वेळी जागेवर टेकलं. तुम्ही घरी आलात, व्हिडिओही दाखवलात. परत वर का नेलं म्हणून कंपनीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. उगाच रेटून उतरवलं असतं तर विचारलं असतं.”

काही पोरांनी टाळ्या वाजवल्या. महादेवराव जरा वरमले, पण खाली बसेनात. मनाली स्टेजवरून उतरली आणि सरळ शेवटच्या रांगेत वडिलांपाशी गेली. पिशवीतला पाना तिनं काढला आणि वर धरला. बोलू लागली तेव्हा तिची शहरी मराठी कुठल्या कुठे गेली होती.

“हे कोणत्या शाळेत शिकली मी, सांगू? या पान्याच्या शाळेत. प्रदक्षिणा म्हणून हासत व्हते ना तुमी? दर उड्डाणाच्या आधी आमच्यातला एक पायलट खाली उतरते अन् विमानाभोवती अशीच फेरी मारते. चाकं पाह्यते, पंख पाह्यते. जगातला कोणताबी पायलट असो. मले पह्यल्या दिवशी शिकवाले लागले, तं मी म्हटलं, सर, हे मले येते. अन् काका, रपट्यावरून जीप वापस आणली त्या दिवशी मीबी जीपमधी व्हती. पुढच्या सीटवर. बारा वर्षाची. चिखलीले माह्यी गणिताची स्पर्धा व्हती. पूर्ण तालुक्यातून मी एकटी निवडली गेल्ती. मी लय रडली, बाबाचा शर्ट ओढला. हे म्हणे, दगड दिसत नाही बाई, वापस. पाण्यात उतरल्यावर ठरवाचं नसते, ते घरूनच ठरवून निघा लागते. तुमची मुलाखत गेली, माह्यी स्पर्धा गेली. पण नागपुरावर जागा मागं पडली ना, तवा मले इचार कराची गरजच पडली नाही. मले ते दगड दिसले.”

माणिकरावांना आठवलं. ती स्पर्धा! अठरा वर्षांत पोरीनं एकदाही तिचा विषय काढला नव्हता.

“ते सारं खरं,” महादेवराव अडखळत म्हणाले, “पण माह्यी नोकरी तं गेलीच ना त्या दिवशी!”

“अन् कारकून झाले असते तं कोणती कंपनी तुमाले दिल्लीले नेणार व्हती, भाऊ?” बायांच्या बाजूनं जनकाबाईंचा खणखणीत आवाज आला.

हॉल असा काही फुटला की खिडकीतला एक पोरगा पडता पडता राहिला. महादेवरावांचे कान लाल झाले. तरी शेवटचा हुकमी पत्ता त्यांनी टाकलाच. “हासा, हासा! पण गोविंदा तं गेला ना त्या दिवशी? वीस माणसं घेऊन सुखरूप गेला! मंग माणिकले काऊन जाता येत नव्हतं?”

हशा थांबला. हाच तो माणिकरावांच्या मनातला काटा.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत काठी वाजली. गोविंदा उभा राहत होता.

“मले बोलाचं हाये,” तो म्हणाला. माइक कोणी दिला नाही आणि त्याला तो लागलाही नाही. “पोरगी म्हणते, चूक सांगावं. तं सांगतो. म्या रपटा पार केला, हे साऱ्या गावाले माहीत हाये. कसा केला ते कोणाले माहीत नाही. अर्ध्यात गेलो, अन् मागचं डावं चाक उचललं. जीप आडवी सरकली, हातभर. स्टेअरिंग हातात नुसतं फिरून राह्यलं, खाली काहीच नाही. मागं लोक हासून राह्यले व्हते, माणिकले शिव्या देऊन राह्यले व्हते. त्यायले काहीच समजलं नाही. मंग त्या चुन्याच्या दगडाले चाक अडकलं अन् गाडी सरळ झाली. म्या नाही काढली जीप. त्या दगडानं काढली.”

गोविंदानं काठी दुसऱ्या हातात घेतली.

“चिखलीत लोकायनं माह्या गळ्यात हार घातला. म्या घालू देला. घरी येऊन तीन दिवस जेवलो नाही. त्याच्यानंतर पाण्यात म्या कधी गाडी घातली नाही, अन् वर्षभरात जीपच सोडली. पाय कायचे दुखते? बहाणा व्हता. माणिक, तुले लोक हासत व्हते अन् मी टपरीवर बसून ऐकत व्हतो. मले तवाच सांगाले पाह्यजे व्हतं.”

माणिकराव उठले. रांगेतली माणसं पाय आखडून त्यांना वाट देऊ लागली. ते गोविंदासमोर जाऊन उभे राहिले. दोन म्हातारे ड्रायव्हर, अख्ख्या गावासमोर.

“मी भेलो व्हतो, गोविंदा,” माणिकराव म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“मीबी भेलो व्हतो. तू वापस फिरला. माह्यी हिंमत झाली नाही वापस फिराची.”

माणिकरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. अठरा वर्षांचा काटा निघाला होता, आणि निघताना दुखलाही नव्हता.

महादेवराव मात्र उभ्याचे खाली बसले होते. ते बोटांवर काही तरी मोजत होते. श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक. “कार्तिकात तू झाली,” ते वैष्णवीला म्हणाले, अगदी हळू, पण पहिल्या रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं. “तवा तुह्यी माय पोटुशी व्हती. गोविंदाच्या जीपमधी बोटभर जागा असती ना, तं मी बसलो असतो वं. मी पाय ठेवून पाह्यला व्हता.”

वैष्णवीनं त्यांचा हात धरला. मग टाळी कोणी सुरू केली ते कोणालाच सांगता यायचं नाही, पण ती थांबेना. खिडक्यांतली पोरं शिट्ट्या मारत होती, सर डोळे पुसत “शांतता, शांतता” म्हणत होते, आणि कोणी तरी मनालीच्या गळ्यातला हार काढून तिच्याच हातात दिला. तो तिनं वडिलांच्या गळ्यात घातला. माणिकराव नको नको म्हणत राहिले, पण हार काढला नाही. मग त्यांनीच त्यातला एक झेंडू तोडून गोविंदाच्या हातात दिला.

“बाबा, उद्या तपासणीले...” वैष्णवीनं विचारलं.

“जाऊ ना वं. म्या नाही म्हटलं का?” महादेवराव नाक ओढत म्हणाले. “माह्याच गाडीत जाऊ. मनालीलेबी विमानतळावर सोडून देऊ. अन् माणिकरावले घेऊ संगं.”

माणिकराव! स्टँडवरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. महादेवरावांच्या तोंडून हे नाव असं पुरं कोणी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी सकाळी महादेवरावांची नवी पांढरी गाडी माणिकरावांच्या अंगणात येऊन उभी राहिली, बरोब्बर कडुनिंबाखालच्या त्या तेलाच्या डागावर. मनालीची बॅग मागे गेली, वैष्णवीची फाइल पुढे. जनकाबाईंनी दशम्या बांधून दिल्या. तपासणीची वेळ ठरलेली होती आणि निघायला आधीच उशीर झाला होता. सगळे बसले. माणिकरावांनी गाडीकडे एकदा पाहिलं, पण परक्याची गाडी, तीही नवी कोरी. ते मुकाट्यानं दार उघडून बसू लागले.

महादेवरावांनी गाडी सुरू केली. मग बंद केली. खाली उतरले आणि इकडे तिकडे पाहत म्हणाले, “माणिकराव, ते तुमचं... पाना हाये का घरात?”

जनकाबाईंनी खिळ्यावरचा पाना आणून दिला. माणिकरावांनी पायातल्या चपला नीट केल्या आणि पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. ठोकायचं, कान द्यायचा, मग नटांवर टिचकी. मागून मनाली आणि वैष्णवी उतरल्या आणि दोन पावलं अंतर ठेवून त्यांच्यामागे चालू लागल्या. चौथ्या चाकाशी ते जरा जास्त थांबले, पुन्हा एकदा ठोकून पाहिलं.

चारही चाकं ठणठणीत होती. माणिकरावांनी पान्याला लागलेली धूळ रुमालानं पुसली. तोवर महादेवराव दार उघडं धरून उभे होते, आणि कोणीच कोणाला घाई करत नव्हतं.